येरळवाडीचे राजहंस, चांदोलीची वाघीण आणि भाचीचा देवमासा

शुक्रवार : पुणे, सातारा, वडूज

खटाव तालुक्यात देवमाशांच्या गप्पा मारत फिरायचं असं कोणी ठरवून करत नाही. आमचं तसं झालं ते भाचीमुळे. ती परदेशात एका विद्यापीठात उपग्रह-टॅग लावलेल्या देवमाशांच्या नोंदींची 'साफसफाई' करते. साफसफाई हा तिचाच शब्द. जानेवारीत सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "आत्या, वर्षभर मी जनावरं ठिपक्यांत बघते. मला जरा खरी जनावरं दाखव." मला येरळवाडीच्या तलावावरचे राजहंस बघायचे होतेच, ह्यांना चांदोली बघायचं होतं. थंडी चांगली पडली होती. निघालो.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. जाताना घ्यायचे की येताना, यावर आमच्या घरात दरवेळी वाद होतो. आम्ही दोन्ही वेळा घेतो. कोरेगाव सोडलं की ऊस विरळ होत जातो आणि डोंगर बोडके दिसू लागतात. पुसेगावात सेवागिरी महाराजांची यात्रा नुकतीच होऊन गेली होती, पाळण्यांचे सांगाडे उतरवणं चालू होतं. तिथे चहाला थांबलो आणि ह्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला विचारायची लाज वाटत होती : समुद्रात बुडी मारलेल्या माशाचा पत्ता आकाशातल्या उपग्रहाला लागतो कसा?

"बुडी मारलेली असताना लागतच नाही," भाची म्हणाली. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. देवमासा श्वासाला वर येतो तेवढ्या काही सेकंदांत टॅगची अँटेना पाण्याबाहेर येते. टॅगवरच्या सेन्सरला खारं पाणी सुटल्याचं कळतं आणि तो आकाशाकडे एक छोटा संदेश सोडतो. वर सुमारे साडेआठशे किलोमीटरवरून अर्गोस यंत्रणेचा एखादा उपग्रह जात असायला हवा. तो माथ्यावर असतो जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यात तीन-चार संदेश मिळाले तर ठिकाण बरं काढता येतं. नुसता एखादा मिळाला तर नशीब.

आणि टॅग स्वतःचं ठिकाण सांगत नाही, हे मला नवीन होतं. तो फक्त एका ठरावीक पट्टीत आवाज देतो. एसटी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा तो चिरका लागतो आणि निघून गेली की उतरतो, तसा उपग्रहाला हा संदेश जवळ जाताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. त्या चढउतारावरून जमिनीवरचे संगणक जागा काढतात. फोनमधलं जीपीएस असं चालत नाही. त्याला अनेक उपग्रहांचे संकेत काही वेळ ऐकावे लागतात आणि देवमासा तेवढा वेळ वर थांबत नाही. नवीन टॅगमध्ये क्षणात संकेत टिपणारं जीपीएसही आलंय, पण जुना मार्ग अजून सुटलेला नाही.

वडूजला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. लॉज साधं, पण गरम पाणी होतं. जेवायला शेजारच्या खानावळीत गेलो : बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हिरव्या मिरचीचा खरडा. मालकिणीने न विचारता हुलग्याचं माडगं आणून ठेवलं. "गारठा हाय, प्या. पोटाला चांगलं." भाचीने दोन वाट्या प्यायलं. मला एक पुरली.

जेवण झाल्यावर भाचीने लॅपटॉप उघडला, कारण तिकडे कामाचा दिवस अजून चालू होता. नकाशावर ठिपक्यांची माळ. मालक पाणी द्यायला आले ते तिथेच थांबले. काय आहे म्हणून विचारलं, देवमासा म्हटल्यावर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं एका ठिपक्यावर. "आन ह्यो डोंगरावर कसा चढला?"

खरंच, एक ठिपका जमिनीवर बराच आत होता. भाची हसायला लागली. हीच तिची साफसफाई. संदेश कमी मिळाले की जागा कित्येक किलोमीटरनी चुकते. अर्गोसवाले प्रत्येक ठिपक्याला प्रतवारी देतात, चांगल्यात चूक अडीचशे मीटरच्या आत, वाइटात काही सांगताच येत नाही. मग हा मासा एवढ्या वेळात एवढं अंतर पोहू शकतो का, हे गणिताने तपासून खोटे ठिपके गाळायचे आणि मधला रस्ता अंदाजाने जुळवायचा. "म्हंजे आमच्या तलाठ्याचा नकाशा," मालक म्हणाले आणि उठले.

(वडूजला राहायचं तर शनिवार-रविवारी आधी फोन करून ठेवा, लग्नसराईत खोल्या मिळत नाहीत. पहाटे थंडी वाजते, कानटोपी हवीच.)

शनिवार : येरळवाडी, मायणी, देवराष्ट्रे

पहाटे साडेपाचला निघालो. येरळवाडीच्या बांधावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसता तांबूस पट्टा होता आणि पाण्यावर वाफ. उजाडलं तसं पहिलं लक्षात आलं की पाणी फार आहे. रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, घोट्याएवढं उथळ पाणी आणि चिखल लागतो. तलाव काठोकाठ असला की ते दुसरीकडे उतरतात. एकही रोहित नव्हता. जाळं आवरत असलेल्या एका मासेमाराला विचारलं. "औंदा पाणी लय. पाणी आटलं की येत्याली, तवर कशाला येतील?" दुष्काळी तालुक्यात तलाव भरलाय म्हणून वाईट वाटून घेण्याची वेळ पुण्याच्या माणसावरच येते.

पण राजहंस होते. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात, गावात मात्र राजहंस. पलीकडच्या काठावर करड्या रंगाचे सत्तर-ऐंशी पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. त्यांचा आवाज पाण्यावरून येत होता, नाकातून काढल्यासारखा. ऊन पडल्यावर ते कलकलाट करत उठले, आमच्या डोक्यावरून एक वळसा घेतला आणि परत तिथेच बसले. कशाने बिचकले कळलं नाही. बहुधा ह्यांच्या शिंकेने.

हे पक्षी उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेटच्या पठारावर अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. ते एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतात असं मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. भाचीने थर्मासमधला चहा ओतता ओतता ते पाडलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ९१ पक्ष्यांच्या टॅगच्या नोंदी होत्या. त्यात सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची निघाली, आणि शंभरातल्या पंचाण्णव नोंदी साडेपाच हजार मीटरच्या खालच्या. ते शिखरांवरून जात नाहीत, खिंडी आणि दऱ्या धरून जातात. दुपारी डोंगर चढणारा वारा मदतीला घेतील असं वाटावं, तर तेही नाही. चढाई बहुतेक रात्री आणि पहाटे, हवा गार आणि जड असते तेव्हा. शिवाय एकदा मिळवलेली उंची धरून ठेवत नाहीत. जमीन खाली गेली की खाली उतरतात, पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हे शरीरात बसवलेल्या यंत्रांवरून कळलं. मला एव्हरेस्टपेक्षा हे जास्त आवडलं. खिंड शोधत रात्रीचं चालायचं, हे सह्याद्रीतल्या माणसाला कळतं.

दुर्बिणीतून प्रत्येक मान तपासली. मंगोलियात गळ्यात आकड्यांची पट्टी घातलेले राजहंस महाराष्ट्रात विदर्भातल्या तलावांवर दिसलेले आहेत. इथल्या सगळ्या माना मोकळ्या होत्या. मासेमार ते बघत होता. "रातच्याला हरभऱ्यात उतरत्यात," तो म्हणाला. "पट्टी घालायची तर घाला, पर भरपाई बी द्या."

(येरळवाडी, मायणी, कानकात्रे आणि सूर्याचीवाडी हे तलाव मिळून २०२१ पासून मायणी पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पहाटेच जा, नऊनंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं. बांधावर गाडी नेऊ नका. रोहित बघायचे तर आधी कोणाला तरी पाण्याची पातळी विचारा.)

मायणीचा तलाव आम्ही धावता पाहिला. झाडी छान आहे, पक्षी त्या दिवशी कमी होते : चित्रबलाक, शराटी, बदकांचे दोन थवे. मायणीतल्या गाड्यावरची भजी मात्र गरम होती आणि त्यांच्याबरोबरची तळलेली मिरची ह्यांना रडवून गेली.

विट्याच्या पुढे रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं चरायला गेलेली, कोकरं जाळीत, एक म्हातारबाबा घोंगडीवर बसलेले. दुष्काळी भागातली ही मंडळी दिवाळीनंतर पश्चिमेकडे पाणी आणि चारा शोधत जातात, शेतात मेंढरं बसवतात आणि पावसाला परततात. म्हातारबाबांनी आपला रस्ता सांगितला : कोणत्या गावाची कोणती खिंड, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी, कोणता पाटील रानात बसू देतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून रस्ता बदललाय, म्हणाले. जिथे कुरण होतं तिथे ऊस झाला. भाचीने वहीत त्यांचा रस्ता काढायला घेतला, ते वरून बघून दुरुस्त्या सांगत होते. "हितं न्हाई. हितं डाव्या अंगाला. उजव्या अंगाला लांडगा."

ती काय करते हे ऐकल्यावर त्यांनी लगेच कामाचं विचारलं. "मेंढराला लावाय येतंय का? चोऱ्या लय व्हत्यात." देवमाशाच्या टॅगची किंमत हजारो डॉलर, म्हणजे लाखांत. बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला. "मग समदी मेंढरं इकून यक टॅग घ्यावा लागंल. आन लावायचा कुणाला?"

संध्याकाळी देवराष्ट्र्याला सागरेश्वर अभयारण्यात तासभर फिरलो. बोडक्या डोंगरांवर धों. म. मोहित्यांनी माणसं जमवून झाडं लावली, त्यातून उभं राहिलेलं हे जंगल. चारी बाजूंनी कुंपण आहे, आतली चितळं-सांबरं बाहेर जायची नाहीत. भाची म्हणाली, इथे तिच्यासारख्यांना कामच नाही. गावातलं सागरेश्वराचं देऊळ चुकवू नका. लहान लहान देवळांचा समूह आहे आणि गर्दी नसते. मुक्कामाला ईश्वरपूर, म्हणजे आधीचं इस्लामपूर. तिथला आख्खा मसूर आणि तंदूर रोटी. लाल तेलाचा तवंग बघून घाबरू नका, तिखट कमी करून मागता येतं. आम्ही मागितलं नाही.

जेवताना लुबान या देवमाशाच्या मादीची गोष्ट निघाली. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे जगातल्या इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी पाणी ढवळून खायला मिळतं, म्हणून इथेच जगतात, इथेच पिल्लं देतात. ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांचे फोटो जुळवून काढलेला अंदाज ८२ चा, फार तर शंभराच्या आसपास. आधी किती होते कोण जाणे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत बोटींनी बेकायदा २४२ मारले, ते ओमानपासून पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या पाण्यात. ओमानमध्ये वर्षानुवर्षं टॅग लावले जात होते, सगळे मासे ओमान-येमेनच्या कडेने वरखाली करत. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये मसिरा बेटाजवळ लुबानला टॅग लावला. ती सरळ पूर्वेकडे निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत ओमानला फिरली. आपल्याकडे हंपबॅक कधी किनाऱ्याला लागलेले, कधी गाणं ऐकू आलेले. ते तिकडचेच, हे असं पहिल्यांदा एका टॅगने दाखवलं.

"ती गोव्यासमोर होती तेव्हा तुम्ही बोट घेऊन गेला असाल," हे म्हणाले.

तेव्हा भाची शिकतच होती. पण एवढंच म्हणाली की ठिपका दिसतो तेव्हा मासा तिथून निघालेला असतो.

रविवार : शिराळा, मणदूर, चांदोली

पहाटे शिराळ्यावरून मणदूरला. वारणेच्या खोऱ्यात शिरलं की जिल्हा बदलल्यासारखा वाटतो. एका दिवसापूर्वी बाभळी होत्या, इथे दोन्ही बाजूंनी डोंगर चालून येतात. आरळ्यात टपरीवर मिसळ खाल्ली. टपरीवाल्याला विचारलं, वाघीण दिसते का? "पट्टा हाय गळ्यात म्हणं. दिसली न्हाई कुणाला. दिसली तर सांगू नका म्हणत्यात."

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. वर्षानुवर्षं नावात व्याघ्र आणि जंगलात वाघ नाही अशी टिंगल ऐकली. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमेऱ्यात एक नर टिपला गेला. पट्टे जुळवले तर तो आधी राधानगरीत टिपलेलाच निघाला. त्याच्या गळ्यात काही नव्हतं. अंगावरचे पट्टे हीच त्याची ओळख, म्हणून दोन फोटोंच्या मध्ये तो कुठून कसा आला ते कोणालाच ठाऊक नाही. नंतर आणखी नर दिसले, माद्या मात्र नव्हत्या. म्हणून 'ऑपरेशन तारा' : ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ आणायचे, पाच माद्या आणि तीन नर. पहिली मादी नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून चांदोलीत आली. रेडिओ कॉलर घालून आधी सोनार्लीच्या कुंपणात ठेवली, मग मोकळी सोडली.

जीपमध्ये आमच्याबरोबर आलेला वाटाड्या इथल्याच उठवलेल्या गावातल्या घरचा होता. वाघाच्या कॉलरबद्दल भाचीने इतके प्रश्न विचारले की तो खुलला. कॉलरमध्ये दोन गोष्टी असतात. जीपीएसचे ठिपके उपग्रहामार्फत येतात. आणि वेगळा रेडिओ ठोका असतो, तो हातातल्या अँटेनाने जमिनीवरून ऐकायचा. दरीत उतरलं की ठोका डोंगराला आपटून भलत्याच बाजूने येतो, मग दुसऱ्या धारेवर चढून पुन्हा ऐकायचं. भाची मला हळूच म्हणाली, "मजा आहे याची. वाघाला निदान श्वासासाठी वर यायला लागत नाही, आणि गळ्यात पट्टा अडकवता येतो." देवमाशाला गळाच नाही. टॅग बोटीतून हवेच्या दाबाच्या बंदुकीने पाठीच्या चरबीत मारावा लागतो, शरीर तो हळूहळू बाहेर ढकलतं, आणि काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत माळ तुटते. मासा मेला की टॅग पडला, हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही.

वाघीण सध्या कुठे आहे, हा प्रश्न ह्यांनी तीन प्रकारे फिरवून विचारला. वाटाड्याने तिन्ही वेळा गवा दाखवला. मला ते पटलं. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेलवर यायची, तो उघडायचा प्रयत्न झाला होता, आणि तो पुण्यातून झाल्याचं तपासात आलं होतं. आमच्या गाडीचा नंबर बघता वाटाड्याने गप्प राहणंच बरं.

गवे मात्र पोटभर दिसले. एक मोठा नर रस्त्याच्या मधोमध उभा राहून आमच्याकडे बघत राहिला. जीप बंद करून दहा मिनिटं बसलो तेव्हा तो सावकाश उतरला. शेकरू तीनदा. झोळंबीच्या सड्यावर वारा एवढा होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. परतीच्या वाटेवर जुन्या गावाची जोती लागली. आंब्याची झाडं रांगेत, एक तुळशीवृंदावन शाबूत. वाटाड्याने जीप थांबवली आणि कोणाचं घर कुठे ते दाखवलं. त्याच्या आज्याला प्रत्येक आंब्याचं नाव माहीत होतं, त्याला चारच माहीत आहेत. ती चार त्याने सांगितली. भाचीने ती वहीत लिहून घेतली, म्हातारबाबांच्या रस्त्याच्या शेजारच्या पानावर.

(चांदोली पावसाळ्यात बंद असतं, इतर वेळी आदल्या दिवशी वन खात्याकडे चौकशी करूनच निघा. मणदूरच्या पुढे फोनला रेंज मिळत नाही. जेवण बरोबर न्या, प्लास्टिक परत आणा. वाघ बघायला म्हणून जाऊ नका, पैसे वाया गेल्यासारखे वाटतील. राहायला शिराळा सोयीचं.)

सोमवार : कराड, पुणे

कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते पाहिलं, दहा मिनिटांत निघालो. महामार्गावर कामं चालू होती, खंबाटकीत नेहमीची रांग. साताऱ्यात ठरल्याप्रमाणे पुन्हा पेढे.

रांगेत उभे असताना भाचीचा फोन वाजत राहिला. रेंज नसलेल्या दिवसाची साठलेली ई-मेलं एकदम आली होती. त्यात वडूजच्या खानावळीतला तो डोंगरावरचा ठिपका होता. तिच्या तिकडच्या सहकाऱ्याने तो गाळायचा की ठेवायचा असं विचारलं होतं. तिने 'गाळ' असं कळवलं, आणि खाली एक ओळ घातली की ही चूक प्रथम खटाव तालुक्यातल्या एका खानावळ-मालकांनी दाखवली. सहकाऱ्याने उलट विचारलं, त्यांचं नाव आभारात घालायचं का. ह्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकवली आणि म्हणाले, "घाल. आणि माडग्याचंही घाल."